अक्काचा घरचा फोन लागतो का?

वैशाखातला रविवार. सकाळी आठलाच जळगावात पत्रे तापलेले, वारा अजिबात नाही, कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरून झालेलं.

घरात नवं यंत्र आलं की त्याच्या पाठोपाठ किस्से येतातच. यंत्र जुनं होऊन माळ्यावर जातं, किस्से मात्र दिवाणखान्यातच राहतात! आमच्याकडे एका फोनपायी इतके साठले, की आता पाहुणे चहाआधी तेच मागतात.

माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला एकटी राहते. मोबाइल तिला जमत नाही. "तो सापडेपर्यंत वाजायचा थांबतो," म्हणते. तिची जुनी लँडलाइन बंद पडली आणि पुण्याहून माझा भाचा महेश म्हणाला, "मामा, महिनाअखेरपर्यंत आईच्या घरचा फोन नीट लागला नाही, तर मी तिला पुण्याला घेऊन जाणार. कायमची!"

अक्का म्हणाली, "मी आठेच बरी शे. तठे नवव्या मजल्यावर माले कोन वळखस?"

झालं! माझे शेजारी नाना कामाला लागले. नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, त्यामुळे वायर दिसली की त्यांच्या अंगात येतं. "इंटरनेटवरून चालणारे घरचे फोन मिळतात," ते म्हणाले. "तीन कंपन्यांचे ट्रायलवर आणू. तपासू. एक ठेवू."

अक्काच्या घरात नेट घेतलं आणि तीन सेवा आल्या. एक छोटा डबा, जुना फोन त्याला जोडायचा. दुसरं टॅबलेटवरचं अ‍ॅप. तिसरी नेटवाल्याचीच, राउटरलाच फोन जोडायचा. अक्काने नावं ठेवली: थोरली, मधली, धाकटी.

*

थोरलीने पहिल्याच आठवड्यात घोळ घातला.

अक्काची जुनी पद्धत अशी, की रोज सकाळी मला दोन रिंग देऊन फोन ठेवायचा. दोन रिंग म्हणजे बठ्ठं, सगळं ठीक. तीनच्या वर गेल्या तर "ताबडतोब ये". कॉल फुकट झाले तरी तिने ही पद्धत सोडली नाही.

त्या सकाळी माझा फोन वाजला. एक, दोन, तीन, चार... आणि बंद! उलट लावला तर कोणी उचलेना. मी आणि नाना तसेच गाडीत बसलो. एरंडोल, पारोळा कधी मागे पडलं कळलं नाही. धुळ्याला पोचलो, तर अक्का गच्चीवर वाळवणाच्या बिबड्या घालत होती!

"चार रिंग कशाला दिल्यास?"

"मी दोनच मोजल्या!"

नानांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. या फोनवर आपल्या कानात वाजणाऱ्या रिंगा आणि समोरच्याकडे वाजणाऱ्या रिंगा सारख्या असतीलच असं नाही. आपल्याकडे उशिरा सुरू होतात, तोवर तिकडे दोन वाजून गेलेल्या असतात.

अक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि पिठाचं पातेलं पुढे सरकवलं. "आता आलाच आहात तर हात धुऊन घ्या."

दुपारपर्यंत आम्ही दोघं उन्हात ज्वारीच्या बिबड्या घालत होतो. परत येताना नाना म्हणाले, "बापू, मला एकच शंका आहे. तिने खरंच दोन मोजल्या होत्या ना?"

*

थोरलीचा नंबर कुठल्यातरी परराज्यातला दिसायचा. पीठ गिरणीवाला अक्काचा फोन उचलेना. अक्का स्वतः गिरणीत जाऊन उभी राहिली.

"का रे, मना फोन का उचलत नही?"

त्याने आपला मोबाइल दाखवला. अक्काच्या नंबरवर लाल अक्षरात लिहिलेलं: कर्ज देणारे, सावधान!

"अक्का, मला वाटलं कर्ज घ्या म्हणून मागे लागलेत."

"मग घे कर्ज! पण आधी माझं दळण दे!"

*

मधलीत आवाज उशिरा पोचायचा. इकडे बोललेलं तिकडे दोन श्वासांनंतर ऐकू जायचं. नाना म्हणाले, "ही सेवा बाद. दोघं एकाच वेळी बोलतात, एकमेकांचं ऐकूच येत नाही."

तपासायला म्हणून अक्काने नशिराबादच्या नणंदेला फोन लावला. दोघी एकदम सुरू झाल्या. एकीचं गुडघ्यांवर, दुसरीचं जावयावर. अर्धा तास कोणी थांबलं नाही.

अक्काने फोन ठेवला आणि पदराने चेहरा पुसला. "इतक्या वर्षांत एवढं चांगलं बोलणं पहिल्यांदा झालं!"

तरीही नानांनी मधलीवर फुली मारलीच.

*

राहिली धाकटी. आवाज स्वच्छ, नंबर धुळ्याचा, रिंगासुद्धा शहाण्यासारख्या. पण अक्काला फोन लावला की एकच उत्तर: संपर्क होऊ शकत नाही. अक्काकडून मात्र फोन येत होते!

महेश पुण्याहून चिडला. "मामा, आता पुरे. मी येतो गाडी घेऊन."

नाना आणि मी पुन्हा धुळ्याला गेलो. वायरी तपासल्या, सगळं उत्तम. तेवढ्यात अक्काने आमच्यासमोर नणंदेला फोन केला, बोलणं संपवलं आणि भिंतीवरचं राउटरचं बटण बंद केलं. पंखा बंद करावा तसं!

"अहो, बंद का केलंत?"

"बोलणं झालं ना? मग वीज कशाला जाळायची?"

आयुष्यभर वीज तयार केलेल्या नानांनी तिला अर्धा तास समजावलं. अक्का म्हणाली, "नाना, तुमच्याकडे जास्त झाली असेल. माझ्याकडे नाही."

शेवटी नानांनी विचारलं, "अक्का, फ्रीज बंद करता का कधी?"

"दूध नासेल ना!"

नाना उठले आणि त्यांनी राउटर आणि फ्रीज एकाच बटणावर घेतले. धाकटी त्या दिवसापासून एकदाही बंद झाली नाही.

*

महिन्याचा शेवटचा रविवार. महेश आदल्या दिवशीच माझ्याकडे जळगावात आला होता, गाडीची डिकी रिकामी ठेवून. "मामा, आज तुमच्यासमोर फोन लावतो. आईने उचलला तर राहू दे तिला तिथे."

लावला. एंगेज. दहा मिनिटांनी पुन्हा, एंगेज. नाश्ता झाला, अंघोळी झाल्या. एंगेज!

"बोलत असेल रे," मी म्हणालो.

"सकाळपासून? आई? कोणाशी?" त्याचा आवाज बदलला. "रिसीव्हर खाली पडला असेल. नाहीतर ती पडली असेल."

आम्ही तिघं निघालो. नाना गाडी चालवत होते, महेश वाटभर नंबर लावत होता. पारोळ्याच्या पुढे त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली. माझा आणि नानांचा मोबाइल घाईत घरीच राहिला होता.

गल्लीत शिरलो. अक्काच्या दारात चपलांचा ढीग! महेश गाडी थांबायच्या आतच उतरला आणि अनवाणी आत धावला.

आत चटईवर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या ओळीने बसलेल्या. अक्का ताक वाटत होती. फोनपाशी त्यांच्यातलीच सखूबाई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"आई! हे काय चाललंय?"

"हळू बोल. तिची पोरगी सुरतेहून बोलतेय."

"यांच्या घरी मोबाइल नाहीत का?"

एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "मोबाइल शेत ना! पन सूनना मोबाइलवर सूननंच गाऱ्हानं कसं सांगू?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. महेश दाराला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आई, मला एक फोन करू दे. नंदिनी वाट बघत असेल. तुझी सून खोली तयार करून बसली आहे."

अक्काने त्याच्या हातात ताकाचा पेला दिला. "बस तिथे, त्या निळ्या पातळवालीच्या मागे."

बायकांनी सरकून जागा केली.

महेशची पाळी चौथी आली. त्याने पुण्याला फोन करून कळवलं आणि संध्याकाळी तो एकटाच परत गेला. थोरली आणि मधली परत केल्या. धाकटी ठेवली.