कानबाईच्या कॅसेटी आणि माझी मूठ

नरडाण्याच्या स्टेशनवर माझे जेठ मला पोचवायला आले नव्हते. खोकं घ्यायला आले होते.

माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, गोधड्यांचं गाठोडं आणि सुतळीने बांधलेलं बिस्किटांचं खोकं होतं. खोक्यात माझ्या गेलेल्या मालकांनी भरलेल्या गाण्यांच्या कॅसेटी. जेठांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, सगळं गाव नाना म्हणतं, मीही म्हणते. नानांनी पेटीकडे बघितलं नाही, गाठोड्याकडे बघितलं नाही. खोक्याची सुतळी धरली.

"गाव सोडी राह्यनी तर सोड. कॅसेटी आठेच, गावमाच ठेव. त्या भाऊबंदन्या शेतस."

"त्या त्यासनी भरेल शेतस," मी म्हणाले. "दोरा मी बांधेल शे. भाऊबंदनं काय शे त्यामा?"

"पोरना घरनी भाकर कितला दिन गोड लागस, दखसूत आम्ही."

"नही लागनी तर मीठ टाकसू."

पॅसेंजर आली. नरडाण्याला ती थांबल्यासारखं करते आणि निघते. मी सुतळी माझ्याकडे ओढली, त्यांनी त्यांच्याकडे. डब्यातली माणसं वाकून बघायला लागली. नानांना लोकांनी बघितलेलं खपत नाही. त्यांनी सुतळी सोडली. मी चढले. मागे वळून बघितलं नाही, पण त्याचं कारण मोठं नव्हतं. खोकं मांडीवर होतं, मान वळत नव्हती.

याला आठ वर्षं झाली. गावात राहिलेल्या बायांनो, आणि सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्यांनो, मी रागाने गेले असं तुम्ही ऐकलं असेल. बरोबर ऐकलंत. राग कशाचा ते कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण लिहिता येतं.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून चौरंगावर बसवतात, सोमवारी सकाळी नदीवर नेतात. त्याआधी रोटाचे गहू काढतात. घरातल्या एकेका गड्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. तेवढाच दळायचा, त्याच्याच पोळ्या, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. लेक सासरी गेली की तिला माहेरचा रोट चालत नाही. बायकांच्या नावाने मूठ पडतच नाही. नवऱ्याच्या मुठीत बायको आली, असं धरतात.

आमच्याकडे नऊ मुठी पडायच्या. माझे मालक गेले, पुढच्या श्रावणात नानांनी आठ टाकल्या. मी सूप धरून उभी होते. गेलेल्याची मूठ टाकत नाहीत, ते मलाही मान्य आहे. पण मला मुलगा नाही, दोन लेकी. मालकांच्या मुठीबरोबर मीही गळाले, आणि ते कोणाला बोलून दाखवायचीही गरज वाटली नाही. ताटात रोट वाढला मला. खाल्ला मी. ताटात पडलेला रोट आणि नावाने पडलेली मूठ यात काय फरक आहे, ते ज्याची मूठ नसते त्यालाच कळतं. दिवाळीनंतर मी जळगावला थोरल्या लेकीकडे, रेखाकडे, निघून आले.

आता कॅसेटींचं सांगते. माझ्या मालकांचा माईकचा धंदा होता. लग्न, कीर्तन, निवडणूक, सगळीकडे कर्णे तेच लावायचे. वायर गुंडाळायला, तुटली की कथलाचे टाके मारायला मी. कानबाईला मात्र ते दरवर्षी टेप लावून बायकांची गाणी भरून घ्यायचे. आधी कॅसेट, मग कॅमेऱ्याची कॅसेट, मग मोबाईलची कार्डं. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागायचं नाही, म्हणून मी दोरे बांधायचे. कानबाईला लाल, लग्नाला हिरवा, दहाव्याला काळा. गाणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज अक्काचा. अक्का म्हणजे नानांची बायको, माझी जेठानी.

जळगावला रेखाच्या घरी मागची खोली मला मिळाली. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की ज्वारीच्या बिबड्यांचे पापड वर न नेता आतच वाळावेत. पहिलं वर्ष मला आल्यागेल्याने विचारलं, "कधी जाणार परत?" मी म्हणायचे, "तुम्ही कधी जाणार?" मग विचारायचे बंद झाले.

दोन वर्षांपूर्वी खोकं उघडलं तर चार कॅसेटींना पांढरी बुरशी. रेखाला हाक मारली. रेखाचे पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास होते. क्लास बंद झाले, पण एक जुना कॉम्प्युटर पलंगाखाली पडून होता. ती म्हणाली, "माय, सगळं यात उतरवू. घरातलाच सर्व्हर करू. टीव्हीवर, मोबाईलवर, कुठेही लावता येईल. धाकट्या मीनाला सुरतेत बसून दिसेल."

"कोणाच्या दुकानात ठेवायला लागेल का?"

"नाही. आपल्या घरात. याच्यावर लिनक्स टाकते, त्याला पैसे पडत नाहीत आणि कोणाला विचारावंही लागत नाही."

मला ते पटलं. विचारावं लागत नाही, हे पटलं.

कॉम्प्युटर उघडला तर आत धूळ, पंख्यात कोळ्याचं जाळं. ते सगळं मी मालकांच्या दाढीच्या ब्रशने साफ केलं. माठाची तिवई रिकामी करून त्यावर त्याला बसवला, कारण त्या कोपऱ्यात कूलरची हवा येते. रेखाने पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं. कॅसेटी उतरवायचं काम माझं. टेपच्या हेडला स्पिरिट लावायचं, तुटलेली फीत चिकटपट्टीने जोडायची, पेन्सिलीने गुंडाळायची, हे मला कोणी शिकवायला नको. टेपमधून एक वायर कॉम्प्युटरला. जेवढी कॅसेट तेवढाच वेळ, घाई चालत नाही. उन्हाळाभर दुपारी मी तेच केलं. प्रत्येक फाईलला नावाआधी "लाल", "हिरवा", "काळा" लिहिलं. रेखा म्हणाली, वर्षाप्रमाणे लाव. मी म्हणाले, तुझा बाप वर्ष लिहायचा तेही वाचता येत नव्हतं.

सगळं झालं, टीव्ही लावला, आणि टीव्हीत काही नाही. रिकामं. तीन महिने घातलेली बाई काय बोलेल ते मी बोलले. रेखाने चष्मा लावून बघितलं आणि हसायला लागली.

"माय, फायली तुझ्या नावावर आहेत. गाणी दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा गडी आहे. त्याला तू वाचायची परवानगीच दिली नाहीस."

"मग दे की."

"मी कशी देऊ? मालकीण तू. तूच द्यायची."

सत्तरी ओलांडली तेव्हा मला हे पहिल्यांदा कोणी म्हटलं. तिने कागदावर ओळ लिहून दिली, मी एकेक इंग्रजी अक्षर शोधून दाबलं. मग कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. मी दाबतेय आणि पडद्यावर काहीच उमटेना. म्हटलं, गेलं हेही. रेखा म्हणाली, "उमटत नाही, पण पोचतं. दाब."

पोचलं. टीव्हीवर लाल, हिरवा, काळा अशी रांग लागली. पहिली कॅसेट लावली, तर गाण्याआधी माझे मालक: "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. मागे ऐकू येतंय का?" मी म्हणाले, "येतंय." रेखा स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी वाजवत राहिली.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कोणी केली असती तर मी तिला सोडलं नसतं.

कोणाला ऐकता यावं, त्याची यादी करायची होती. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची किल्ली, म्हणजे पासवर्ड. रेखा म्हणाली, "सांग नावं." मी बोटांवर मोजत सांगितली. नाना. त्यांचा दिलीप. दिलीपची दोन्ही पोरं. चुलत दीर, त्यांचे तिघे. आठ.

"झालं?" रेखाने विचारलं.

"झालं."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. "आणि आपण?"

मी आठ मुठी मोजल्या होत्या. माझ्याच खोलीत, माझ्याच तिवईवरच्या कॉम्प्युटरमध्ये, मी स्वतःला गाळलं होतं. नानांना कशाला बोलू? नाना माझ्या डोक्यात बसून मोजत होते. मला स्वतःची इतकी चीड आली की मी उठून पाणी प्याले. मग बसले आणि म्हणाले, "लिही. मी. तू. मीना. अक्का. अक्काच्या दोन्ही लेकी. दिलीपची बायको. चुलत दिरांच्या दोन्ही सुना." नऊ झाल्या. आठांपैकी एकही खोडलं नाही.

नंतरच्या आषाढात दिलीपचा फोन आला. गावातल्या जुन्या गाणाऱ्या गेल्या, अक्काला गाण्यांचा क्रम आठवत नाही, मागच्या वर्षी नदीवर नेताना डीजे लावला आणि कानबाईचं विसर्जन की वरात ते कळेना. त्याला गाणी हवी होती.

"काकू, सगळं पेनड्राइव्हवर दे. मी नेटवर चॅनल काढतो, गावाचं नाव होईल."

"चॅनल नाही. तुझं नाव यादीत आहे, किल्ली देते, घरी बसून ऐक. पण यादीत जेवढी नावं, तेवढ्या मुठी सुपात पडल्या पाहिजेत. माझी, लेकींची, अक्काची, तुझ्या बायकोची. सतरा."

"काकू, लेकींना रोट चालत नाही. देवीचं आहे ते."

"नथ बाईची, गाणी बाईची, दळण बाईचं. मूठ तेवढी गड्याची? देवीने सांगितलं का तुला?"

मागून नानांचा आवाज आला. "तिले सांग, नही पाहिजे आम्हले."

"बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाईट वाटलं का? वाटलं. ती गाणी गावात वाजावीत असं मलाच सगळ्यात जास्त वाटत होतं. पण आठ मुठींवर द्यायची नव्हती.

रोटाचे गहू काढायच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. आतून अक्का उतरली. एकटी, हातात पिशवी, गुडघ्यावर हात.

"नाना काय म्हनेत?" मी विचारलं.

"मी इचारंच नही," अक्का म्हणाली. "चहा टाक. आनि मनं गानं लाव."

लावलं. चाळीस वर्षांपूर्वीची अक्का खोलीभर झाली. मध्ये कोणाचं तरी पोर रडतंय, कोणी हसतंय, आणि सगळ्यांच्या वर तो आवाज.

"हाऊ मना आवाज शे?" अक्काने विचारलं. "इतला मोठा व्हता?"

"नदीना त्या काठवर ऐकू ये."

अक्का रडली. तिला सवय आहे. मी तिचा चहा पुन्हा गरम केला.

मग तिची किल्ली करायला घेतली. "मनं नाव कशाले व?" म्हणाली. मी म्हटलं, नावाशिवाय उघडत नाही. यादीत मी "अक्का" लिहिलं होतं, ते खोडून तिला खरं नाव विचारलं. तिने सांगितलं: द्वारका. इतकी वर्षं एका चुलीवर राबलो आणि ते नाव माझ्या तोंडात कधी आलं नव्हतं. पासवर्ड तिने स्वतः दाबला. "काहीच दिसत नही," म्हणाली. मी म्हटलं, "पोचस. दाब."

दुपारी मी सूप पुढे केलं. आमच्याकडे मूठ थोरल्याने टाकायची. खोलीत थोरली अक्का होती. टीव्हीवर यादी लावली, रेखा एकेक नाव वाचत गेली आणि अक्का सव्वा सव्वा मूठ टाकत गेली. माझं नाव आलं तेव्हा मी सूप घट्ट धरलं, एवढंच. "द्वारका" वाचलं तेव्हा अक्काने स्वतःची मूठ उघडून बघितली, दाणे आहेत ना म्हणून, आणि टाकली. नानांच्या नावाला ती थांबली.

"त्यासनी गावमा पडनी व्हई."

"आठे, मना घर बी टाक. यादीमा नाव शे. बठ्ठास्नी मूठ टाक, एक बी सोडू नको."

तिने टाकली. सतरा झाल्या. कानबाई माझ्या मागच्या खोलीत बसली, माठाच्या तिवईशेजारी. रोट लेकींनी खाल्ला. कोणाला काही झालं नाही. मीना सुरतेहून आली होती, तिने दोनदा घेतला. सोमवारी नदीवर डीजे नव्हता. अक्का पुढे गात होती आणि आम्ही मागून.

जाताना अक्का दोन चिठ्ठ्या घेऊन गेली. एक तिच्या किल्लीची, एक नानांच्या.

लोक मला अजून विचारतात, तुमचं घर कोणतं? गावातल्या घराची चौकट मला आठवते, उंबऱ्याला कुठे ठेच लागते तेही आठवतं. तिथे माझी मूठ नाही. इथे पत्रा तापतो, लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो, आली की मी बटण दाबते. इथे सतरा मुठी पडतात. ज्याला घर म्हणायचं त्याने म्हणावं. मी म्हणते.

मी या सर्व्हरची मालकीण असल्याने कोण काय ऐकतं ते मला दिसतं. पोळ्यानंतर एके दुपारी बघितलं, तर नानांच्या नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे ते ऐकतायत. लाल दोऱ्याची पहिली कॅसेट. गाणं पुढे सरकतच नव्हतं. पुन्हा पुन्हा सुरुवातीला येत होते: "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन." भावाचा आवाज ऐकत होते.

त्यांचं नाव खोडायला मला एक बटण पुरतं, रेखाने शिकवलंय. मी खोडलं नाही. आणि यंदाच्या श्रावणात त्यांच्या सुपात किती मुठी पडतील, तेही मी विचारणार नाही. माझ्या सुपात किती पडतील ते ठरलेलं आहे.