नाकातलं शिसं

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. बायकोने एकदा सरळ विचारलं, तेव्हा तिच्यावरच खेकसलो. ज्यांना सांगायला हवं होतं ते समोर बसलेले असतानाही टाळलं. आता ते नाहीत. तरीही कदाचित मी गप्प राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात त्यांच्या तेराव्याला जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसणं जमेना.

ते म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गेले बंगलोरला, मुलाकडे, पण पुढचं सगळं इथे नाशकात केलं. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये जेवणं होती. भाचा, म्हणजे त्यांचा मुलगा, पंगतीतून फिरत होता. कुणीतरी त्याला विचारलं, "बाबांचं हे विसरणं सुरू कधी झालं रे?"

"ते विमान आठवतंय ना काका?" तो हसत म्हणाला. "शेपटीवर बसलेलं? नाकात वजन भरायचंच विसरले होते. एअरफोर्सचा माणूस! तिथेच आम्हाला कळलं, की आता बाबांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही."

पंगत हसली. प्रेमाने हसली, म्हणून मला जास्त संताप आला. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वय झालं की चालायचंच." मी पानावरून उठलो आणि हात धुवायला गेलो तो परत आलोच नाही.

वजन भरायला ते विसरले नव्हते. ते काम माझं होतं. मी ते केलं नाही, आणि केलं म्हणून सांगितलं. या एका खोटेपणामुळे त्या माणसाचं राहतं घर गेलं.

साडू तरुणपणी हवाई दलात होते. विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती हे त्यांचं काम. नोकरीच्या सुरुवातीला पुण्याला असताना त्यांनी लिबरेटर बॉम्बरवर काम केलं होतं. चार इंजिनांचं, पिंपासारख्या पोटाचं विमान. दुसरं महायुद्ध संपल्यावर परदेशी फौजा ती विमानं मोडूनतोडून टाकून गेल्या आणि आपल्या माणसांनी त्यांतली निवडून परत उडवली, हे सांगताना साडूंचा आवाज अजूनही चढायचा. "जे मोडून टाकलं होतं ना साडूभाऊ, त्यावर मी हात फिरवलाय," म्हणायचे.

त्यांच्या पंचाहत्तरीला भाच्याने परदेशातून त्याच विमानाचा प्लॅस्टिकचा संच मागवून दिला. खोका एवढा मोठा की रिक्षात आडवा बसेना. भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबांना विरंगुळा."

हा शब्द मला तेव्हाही खुपला होता. माणूस कामावर जात होता तोवर त्याचं काम हे काम होतं. केस पांढरे झाले की तेच हात, तीच नजर, तीच शिस्त, आणि काम मात्र विरंगुळा. साडूंनी खोका उघडला, प्लॅस्टिकच्या फ्रेमला चिकटलेले भाग एकेक करून उजेडात धरले आणि मला म्हणाले, "या उद्यापासून. एकट्याचं काम नाही हे."

मी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढली. त्यामुळे मलाही हुरूप आला. रोज जेवण उरकून मी स्कूटरवरून त्यांच्या फ्लॅटवर जायचो. मेहुणीबाई, म्हणजे त्यांची पत्नी, जाऊन काही वर्षं झाली होती, आणि जेवणाचं टेबल आता आमचंच होतं. पंख नुसते जोडून बघितले तर टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर गेले. कटरने भाग सोडवायचे, पॉलिश पेपरने कडा घासायच्या, चिमट्यात धरून पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक चिकटवायचं द्रावण, लावायचं. त्या सिमेंटचा वास माझ्या शर्टाला लागायचा आणि बायको म्हणायची, "दोघं मिळून काय हुंगताय तिकडे?"

साडूंचा एक नियम होता, हवाई दलातून आणलेला. करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. एखादा भाग मी लावला तर ते बघणार, त्यांनी लावला तर मी. आपलं काम आपणच तपासलं असं चालणार नाही. बघितल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. एखादी दांडी तिरकी लागली असेल तर म्हणायचे, "काढा साडूभाऊ. पायलट माझा मेहुणा आहे असं समजा." मी म्हणायचो, "मेहुणा असेल तर राहू द्या तिरकी." मग दोघेही हसायचो. किती महिने गेले तसे. माझ्या निवृत्तीनंतर तेवढाच काळ मला सकाळी उठल्यावर दिवस कशासाठी आहे ते माहीत होतं.

आता ते शिसं. या विमानाला तीन चाकं. एक नाकाखाली, दोन पंखांखाली. खऱ्या विमानात पुढे भरपूर वजन असतं. प्लॅस्टिकचं विमान आतून पोकळ आणि शेपूट लांब, त्यामुळे चाकांवर ठेवलं की ते मागे कलंडून शेपटीवर बसतं. म्हणून धडाचे डावे-उजवे भाग जोडण्याआधी नाकात, पायलटच्या फरशीखाली, शिशाचे तुकडे चिकटवायचे. एकदा धड बंद झालं की आत हात जात नाही. गाडीची चाकं बॅलन्स करायला वापरतात तसे शिशाचे तुकडे मी मुंबई नाक्याजवळच्या टायरवाल्याकडून आणले होते. भरायचे मी आणि तपासायचे त्यांनी, असं ठरलं होतं.

त्या दिवशी ते बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते. मी एकटाच टेबलाशी होतो. शिसं भरायला गेलो तर लक्षात आलं, की पायलटची फरशी मी आदल्या दिवशीच घट्ट चिकटवून टाकली होती. त्यांना न विचारता आणि त्यांना न दाखवता. आता फरशी उखडावी तर आतली हाताने रंगवलेली सगळी बारीक यंत्रं मोडणार. ती त्यांनी रंगवली होती. मी शिशाचं पाकीट हातात घेऊन बसून राहिलो. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले असते, "काढा." आणि चार दिवस चिडवलं असतं. बस.

ते आले, हातपाय धुतले आणि खुर्ची ओढून बसले. "शिसं?"

"भरलं."

"दाखवा."

इथे माझं डोकं फिरलं. चोराचंच फिरतं. "साडूभाऊ, मी तीस वर्षं लोकांचं काम तपासलं. माझ्या सहीवर माल बाहेर जायचा. आता तुम्ही मला शाळेतल्या पोरासारखं दाखवा म्हणणार?"

आम्ही दोघं एकाच घरचे जावई. साडू साडूला उणा शब्द बोलत नाही, हे आमच्या सासऱ्यांच्या ओसरीवर शिकलेलं. त्यांनी तो मान राखला. "राहिलं," म्हणाले. "तुमचा शब्द आहे ना? पुरे." आणि त्यांनी धडाचे दोन्ही भाग जुळवून सिमेंटचा ब्रश फिरवला. एवढ्या महिन्यांत त्यांनी आपला नियम एकदाच मोडला, आणि तोही माझी इज्जत राहावी म्हणून. शिशाचं पाकीट माझ्या स्कूटरच्या डिक्कीत होतं.

पुढे रंग, काच आणि पंखांवरची हवाई दलाची तिरंगी वर्तुळं यांत दिवस गेले. विमान थर्माकोलच्या पाळण्यात ठेवलेलं असायचं. चाकं सगळ्यात शेवटी. मी रोज मनाशी ठरवायचो, आज सांगू. कधी वाटायचं, राहीलही उभं, कोण जाणे. आयुष्यभर तपासणी केलेला माणूस हा विचार करत होता!

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन झालं की विमान खाली मांडायचं, असं सेक्रेटरींनी ठरवलं. भाचा सुट्टी काढून बायकोसह आला होता. साडूंनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाळण्यातून विमान उचलून त्यांनी ते टेबलावर पहिल्यांदाच चाकांवर ठेवलं आणि हळूच हात काढला.

नाक वर गेलं. सावकाश, आळस दिल्यासारखं. शेपूट टेबलावर आपटलं.

"काका, टेकऑफ घेतलं की!" कुणीतरी ओरडलं.

"अहो, ते सलामी देतंय झेंड्याला."

"बसलं बघा, आमच्या मोत्यासारखं."

साडूंनी नाक खाली दाबलं आणि सोडलं. ते परत वर आलं. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "साडूभाऊ, शिसं?"

सगळे बघत होते. सेक्रेटरी, भाचा, माझी बायको. आणि मी म्हणालो, "ते तुम्ही भरणार होतात ना? तुम्हीच म्हणालात, मी भरलं म्हणून."

हे वाक्य मी स्वतः बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं चिडतील, मग मीही चिडेन आणि भांडणात सगळं वाहून जाईल. पण ते आठवायला लागले. भर उन्हात, विमानाच्या नाकावर बोट ठेवून, तो माणूस न घडलेली गोष्ट आठवण्याचा प्रयत्न करत होता. "मी म्हणालो?" त्यांनी विचारलं. "असेल. असेल."

भाचा माझ्या कानाशी आला. "बघितलंत ना काका? हेच मी म्हणत होतो."

तो म्हणतच होता. गेले वर्षभर तो बाबांना बंगलोरला न्यायचं म्हणत होता आणि साडू ऐकत नव्हते. "माझं घर आहे, माझे पाय आहेत, मी इथेच मरणार," हे त्यांचं उत्तर. मग भाच्याने पुरावे जमवायला सुरुवात केली होती. एकदा किल्ली आत राहिली. एकदा दूध उतू गेलं. किल्ली माझीही राहते. भाचा स्वतः विमानतळावर लॅपटॉप विसरून आला होता, पण तो म्हणे कामाचा ताण. त्याच्याकडे ताण असतो, आमच्याकडे आजार! तोवर साडू अशा पुराव्यांना हसून उडवून लावत. पण ज्या कामात त्यांचा हात धरणारा नाही त्याच कामात ते चुकले, आणि साक्षीदार सख्खा साडू. त्यानंतर ते वाद घालायचे थांबले. बाकी सगळं भराभर झालं. आधी त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली, मग डॉक्टर, मग फ्लॅटला भाडेकरू. विमान नेता येणार नाही म्हणून ते सोसायटीच्या ऑफिसात कपाटावर ठेवलं, नाकाखाली वीट लावून. विटेवरून लोक अजून विनोद करतात.

भाच्यावर मी फार दिवस राग धरला. वाटायचं, त्याला फक्त निमित्त हवं होतं. ते खरंही असेल. पण ते मी हातात दिलं होतं, आणि तो राग फिरून माझ्यावरच यायचा.

बंगलोरहून साडूंचे फोन यायचे. हवा, जेवण, लिफ्ट बंद पडते, अशा गप्पा. आणि मग, "साडूभाऊ, एक विचारू का? मी खरंच म्हणालो होतो, शिसं भरलं म्हणून?"

"जाऊ द्या हो. केवढीशी गोष्ट."

"केवढीशी कशी? मला म्हणाल्याचं आठवतच नाही. म्हणजे गेलंच ना डोकं."

मी विषय बदलायचो. इकडे थंडी पडली, द्राक्षं आली, असं काहीतरी. पुढे पुढे ते खरंच विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले वयामुळे. असेल. पण ज्या माणसाकडून ओळखीचे रस्ते, शेजार, टेबल आणि हत्यारं काढून घेतली, आणि वर स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासही, त्याने लक्षात ठेवायचं तरी काय? आधी काय सुरू झालं, आजार की माझं वाक्य, हे मला कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही.

शेवटी मी बंगलोरला गेलो. बायकोला म्हटलं, भेटून येतो. ती म्हणाली, "नुसतं भेटून येऊ नका." बहुतेक तिला कळलेलं होतं. गाडीत मी वाक्य पाठ केलं. साडू गॅलरीत बसले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, पण ओळखलं. हात हातात घेतला. मी तोंड उघडणार एवढ्यात तेच म्हणाले, "साडूभाऊ, त्या विमानापायी चारचौघांत तुमचीही शोभा झाली. तुम्ही एवढे महिने खपलात आणि मी घोळ घातला. मला माफ करा."

आणि मी म्हणालो, "असू द्या."

मी त्यांना माफ केलं! कुठल्या तोंडाने केलं, देव जाणे. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली, कपबशा वाजल्या, आणि मग गाडीची वेळ झाली.

साडूभाऊ, गाडीत पाठ केलेलं ते वाक्य असं होतं. शिसं मी भरलं नव्हतं. तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात की तुम्ही भरलं, ते मी रचलं. तुमची आठवण शाबूत होती. मला माफ करा.