पुस्तकातली कोरी पानं

मुलीच्या चौथीच्या पुस्तकात धड्यांच्या मागं कोरी पानं होती. वर छापलेलं, 'माझी नोंद'. वर्गात शिकवलेलं मुलांनी तिथं लिहायचं. तिची पानं कोरीच राहिली. प्रगतिपुस्तकात मात्र दरवेळी 'ब' श्रेणी असायची. मी काही न विचारता सही करायची.

यंदा ती पाचवीत गेली. नव्या पुस्तकांत कोरी पानं नाहीत. पालकसभेत बाई म्हणाल्या, "पाचवीला आता परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा. तिच्यातही नापास, तर पुन्हा पाचवीतच."

मी मागच्या बाकावर होते. मी चौथीत नापास झाले तेव्हा वडिलांनी माझं दप्तर माळ्यावर टाकलं होतं. ते परत खाली आलं नाही.

घरी सासूबाईंनी ऐकलं. "पोरगी नापास झाली तर लई बरं. मुकुंदवाडी स्टेशनापुढं भाजीच्या गाड्यावर मला माणूस पाहिजेच."

त्याच दुपारी मी मुलीला शहाण्णव भागिले चार घातलं. ती पेन्सिल चावत बसली.

"वर्गात काय करतीस मग?"

"फळ्यावरचं उतरवते. बाई बरोबरची खूण करतात."

मी चौथीचं पुस्तक काढलं. कोऱ्या पानांवर रोज गणितं घालू लागले. "मम्मी, तू तर नापास, अन् मला शिकवती व्हय?" म्हणत ती हसायची, पण बसायची. भाजक दोन आकडी झाला आणि माझंच अडलं. चौथीतही मी इथंच अडले होते.

तीन दिवस शाळेच्या फाटकापासून परत आले. चौथ्या दिवशी बाईंसमोर पुस्तक धरलं.

"हे चौथीचं. तिला आलं नाही का तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"शाळेनंच पास केलं होतं, बाई."

तोंडून निघून गेलं. बाई हळू म्हणाल्या, "तेव्हा कुणाला नापास करायचंच नव्हतं, ताई. शिकलं का, तेही कुणी विचारलं नाही. मधल्या सुट्टीत पाठवा तिला."

ती जाते आता. परीक्षा एप्रिलमध्ये आहे.

काल सासूबाईंनी गाड्याजवळ एक बुटकं स्टूल आणून ठेवलं. कुणासाठी, ते विचारायचं आहे. अजून विचारलेलं नाही.