एकदाच ओढून बघायचं

आमच्या घरातून बाहेर पडायला माणसाला किती वेळ लागावा? मला विचाराल तर अर्धं मिनिट. चपला सरकवायच्या, दार ओढून घ्यायचं, ते आपोआप लागतं, आणि चालू पडायचं. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याच कामाला सात मिनिटं लागायची. दार ओढलं की तीनदा हिसका देऊन बघायचे, एक मजला उतरायचे, परत वर यायचे आणि पुन्हा हिसका. मग गॅसची शंका यायची, म्हणजे किल्ली काढून आत, आणि सगळं पहिल्यापासून. सासूबाई दिवसभर घरातच असतात. त्या आतून ओरडायच्या, की अरे, मी आहे इथे, चोर आला तर मी बघून घेईन, तू जा.

हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता. एकोणीस वर्षं यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांच्या कामाचा एक नियम आहे आणि तो लग्नानंतर आठ दिवसांत मला आणि सासूबाईंना पाठ झाला, कारण जेवताना दुसरा विषयच नसायचा. लिफ्टच्या टपावर चढण्याआधी किंवा खालच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच पाडायचा. त्याला कुलूप घालायचं, 'माणूस कामावर' ही पाटी अडकवायची, किल्ली आपल्याच खिशात. मग कुलूप एकदा ओढून बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बंद." जोडीदारानं वरून उत्तर द्यायचं, "बंद." तोवर कशालाही हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी एका नऊ मजली इमारतीत लिफ्ट अडकली. आत कोणी नव्हतं, पण जिन्यात पंधरा माणसं उभी राहून तोंडाचा पट्टा चालवत होती. त्या गडबडीत यांनी स्विच पाडला, पाटी लावली, कुलूप अडकवलं, पण ते दाबून बसवलं नाही आणि ओढूनही बघितलं नाही. "बंद" मात्र म्हणाले. वरून जोडीदार "बंद" म्हणाला आणि त्यानं कामात हात घातला. कुणा शहाण्यानं पाटी बाजूला करून स्विच वर केला. लिफ्ट जेमतेम हातभर सरकली आणि जोडीदाराच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या जोडीदाराला सगळे पान्या म्हणतात, मागच्या खिशात कायम पाना असतो म्हणून. पान्यानं यांना एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. कंपनीनं चौकशी केली आणि यांना फोनवर बसवलं. लोक फोन करून सांगतात लिफ्ट अडकली, हे पत्ता लिहून घेतात आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात. आठ तास खुर्चीत. घरी आले की पायाला भिंगरी. खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी शिवणकाम करते, शाळांचे गणवेश असतात माझ्याकडे, आणि शिवताना डोळ्यांसमोरून माणूस सारखा ये-जा करत असला की शिलाई वाकडी जाते. मी यांना दहादा सांगितलं, की अहो, एका जागी बसा नाहीतर रस्त्यावर जाऊन फिरा.

पाण्यात यांना पान्यानंच ओढलं. हाताला व्यायाम म्हणून डॉक्टरनं त्याला पोहायला सांगितलं होतं आणि त्याला सोबत हवी होती. हे नाही कसं म्हणणार? पहिल्या महिन्यात पंचवीस मीटरमध्ये यांचे नाकी नऊ यायचे. पुढे एक लांबी, दोन लांब्या, मग दहा. तलावाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, ट्रायथलॉनचा, त्यातल्या सगळ्यात लहान प्रकारचा. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळायचं. दोन तासांच्या आत आलात तर निकालात तुमची वेळ छापतात, नाहीतर नावापुढे नुसती एक रेघ. हे कागद वाचून घरी आले आणि त्या संध्याकाळी खिडकी ते दार चालले नाहीत. तेव्हाच मला धास्ती वाटली.

कारण एक अर्ज होता. साहेबांनी यांना दिलेला. पुन्हा लिफ्टच्या कामावर जायचं असेल तर हा भरून द्यायचा, एक चाचणी द्यायची, आणि हे सगळं वर्षाच्या आत, नंतर ती जागा दुसऱ्याला जाणार. अर्ज कपाटाच्या खणात पडून होता. हे त्याला हात लावत नव्हते आणि मी त्याबद्दल ब्र काढत नव्हते. त्या दिवशी यांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, "मी दोन तासांच्या आत आलो, एकदा जरी, तर अर्ज भरतो."

मी विचारलं, पोहण्याचा आणि लिफ्टचा काय संबंध.

"तिथे घाई असते," हे म्हणाले. "घाईत माझे हात नीट चालतात का, ते मला बघायचंय. तिथे चुकलो तर कुणाची बोटं जात नाहीत."

 मी मशीन चालू केलं.

पहिल्या शर्यतीला आम्ही सगळे गेलो, सासूबाईसुद्धा, घडीची खुर्ची घेऊन. शर्यत एका मोठ्या तळ्यावर होती. पोहून आलं की सायकल घ्यायची आणि सायकल करून आलं की ती ठेवून पळायला लागायचं, त्यासाठी एक कुंपण घातलेली जागा असते. आडव्या दांड्यांवर ओळीनं सायकली टांगलेल्या. सासूबाई तिला सायकलींचा गोठा म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. हे पाण्यातून बरे आले. पळत गोठ्यात शिरले. आणि मग घोडं अडलं.

अंग पुसलं. टॉवेलची घडी केली. हेल्मेट घातलं, पट्टा तीनदा ओढला. बूट घातले, नाडीला दुहेरी गाठ, तीही ओढून बघितली. सायकल काढली, चार पावलं गेले, परत येऊन चष्म्याची डबी बंद आहे का ते बघितलं. शेजारची माणसं येत होती आणि जात होती. आमचे हे सहलीला निघाल्यासारखे. परतल्यावर पुन्हा तोच सोहळा. दोन्ही मिळून नऊ मिनिटं गोठ्यात. एकूण वेळ दोन तास सहा मिनिटं, आणि नावापुढे रेघ.

दुसऱ्या खेपेपर्यंत चार महिने यांनी जिवाचं रान केलं. पोहण्यात तीन मिनिटं कमी झाली, सायकलीत एक, पळण्यात अर्धं. आणि गोठ्यात? नऊ मिनिटं दहा सेकंद. एक मिनिट चाळीस सेकंदांनी रेघ. पान्या म्हणाला, की याला पळायला शिकवू नका, निघायला शिकवा.

आता मला खरं सांगायला हवं. दोन्ही वेळा ती रेघ बघून मी आतून सुखावले. यांच्या खांद्यावर हात ठेवून, पुढच्या वेळी होईल, असं म्हणत होते आणि मनात म्हणत होते, न होवो. माणूस फोनवर बसतो, कंटाळतो, चिडतो, पण संध्याकाळी दहा बोटांनिशी घरी येतो. एकोणीस वर्षं माझा जीव टांगणीला होता, ते कुणी मोजलं नव्हतं. दुसऱ्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या खणातून तो अर्ज काढला आणि माझ्या कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांत, बारा नंबरच्या सदऱ्याच्या खाली, सरकवून दिला. फाडला नाही. फाडायचं धाडस नव्हतं.

आणि तरी मीच यांना निघायला शिकवलं. माझं हे असंच. वाकडी शिलाई दिसली की उसवल्याशिवाय चैन पडत नाही, मग ती दुसऱ्याची का असेना. बुटांच्या नाड्या काढून मी रबरी इलॅस्टिक ओवलं, गाठच नको. पळताना लावायच्या नंबरासाठी पट्टा शिवला, एका चापाचा. मग रोज संध्याकाळी बाथरूममधून ओल्या अंगानं पळत यायचं, हेल्मेट, बूट, पट्टा, आणि दाराबाहेर. सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून मिनिटं ओरडायच्या. फरशी रोज ओली, आणि ती मीच पुसायची. पहिले पंधरा दिवस यांचा हात काही ऐकेना. पट्टा ओढला की पुन्हा ओढायचा. शेवटी एक दिवस माझा तोल गेला. मी हेल्मेट यांच्या हातातून घेतलं.

"अहो, तुम्ही हा पट्टा ओढत नाही. तुम्ही ते कुलूप ओढताय. ते दोन वर्षांपूर्वी उघडं राहिलं, आता शंभरदा ओढलंत तरी लागणार नाही."

सासूबाई मिनिटं ओरडायच्या थांबल्या. हे ओल्या अंगानं फरशीवर बसले आणि रडले. मी यांना वडील गेले तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, पण माझं रडणं थोडं अर्जाचं होतं. दुसऱ्या दिवसापासून पट्टा दोनदा ओढला जायला लागला. महिन्यानं एकदा. प्रत्येक वेळी ओढायचं आणि पुटपुटायचं, "बंद." पुढे निघायचं.

तिसरी शर्यत रविवारी आणि अर्जाची शेवटची तारीख सोमवार. मला शनिवारपासून अन्न गोड लागेना. हे शांत होते, आणि त्यांचं शांत असणं मला अजून छळत होतं.

पोहून वेळेत आले. गोठ्यात पावणेदोन मिनिटं. पान्या माझ्या शेजारी कुंपणाला टेकून उभा होता, तो शिट्टी वाजवायला लागला. पण त्या दिवशी वारा उलटा होता. सायकलीवरून आले तेव्हा चेहरा लाल आणि आधीच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं जास्त. तरी हिशेब जमत होता. यांनी सायकल दांडीवर टांगली, बूट बदलले, टोपी, पट्टा, आणि निघाले. गोठ्याच्या दारातून बाहेर पडले, शंभर पावलं गेले असतील.

आणि थांबले. वळले. उलटे पळत आले.

माझ्या तोंडून शिवी गेली, सासूबाईंसमोर. दोन महिने ओली फरशी पुसली ती यासाठी? आणि त्याच वेळी आतून हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला लाज वाटली. हे सायकलीपाशी आले, ती उचलून पुन्हा टांगली, एकदाच ओढली आणि मोठ्यानं म्हणाले, "बंद." माझ्या शेजारून पान्या तसाच मोठ्यानं म्हणाला, "बंद." दोन वर्षांत पहिल्यांदा. हे आमच्याकडे न बघता पळत सुटले.

दोन तास आणि एकोणीस सेकंद. रेघ.

हे गवतावर आडवे झाले होते. मी पाण्याची बाटली दिली आणि काय बोलावं ते ठरवत होते, तर हे हसत होते. मला वाटलं, डोक्याला ऊन लागलं.

"सायकल खरंच सुटली होती," हे म्हणाले. "बाकी कशाला हात अडला नाही. हेल्मेट नाही, बूट नाही, पट्टा नाही. फक्त तेवढंच. आणि ते खरंच सुटलेलं होतं."

मी पान्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "वहिनी, मी बघत होतो. सीटचं नुसतं टोक अडकलं होतं. अजून एक धक्का, की शेजारच्याच्या सायकलीवर पडली असती." मग आपल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाला, "हात परत आला त्याचा."

घरी येऊन यांनी आंघोळ केली आणि सरळ कपाटाचा खण उघडला. कागद वरखाली केले. पुन्हा केले. मी मशीनवर बसून एका बाहीला तीच शिलाई दुसऱ्यांदा घालत होते. मी म्हटलं, अट दोन तासांची होती, तुम्ही बाहेर आहात, एकोणीस सेकंदांनी का होईना. हे म्हणाले, अट त्यांनीच घातली होती आणि ती चुकीची होती, वेळेचा प्रश्नच नव्हता. आणि खणातले कागद काढून पलंगावर पसरायला लागले.

मी उठले. बारा नंबरच्या सदऱ्याखालून अर्ज काढला आणि त्यांच्या हातात दिला.  यांनी अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?"

"दुसऱ्या शर्यतीपासून. मला भीती वाटते हो. मला कायम वाटत आलीय."

 हे शेजारी बसले आणि म्हणाले की त्यांनाही वाटते, म्हणूनच ओढून बघायचं असतं. पेन मागितलं. मी दिलं.

सोमवारी सकाळी अर्ज पाकिटात घालून हे निघाले. दार ओढून घेतलं. बाहेरून एक हिसका, एकच. मी मशीनचा पाय थांबवून ऐकत राहिले. पावलं एक मजला उतरली, दुसरा उतरली. खालचं लोखंडी फाटक वाजलं. परत येण्याचा आवाज नव्हता.

समोर चाळीस गणवेश पडले होते. मी दोरा ओवला, तो सुटला, पुन्हा ओवला. मग उठून दारापाशी गेले आणि आतून ते ओढून बघितलं. लागलेलं होतं. परत येऊन बसले. पुन्हा उठले, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मला माझंच हसू आलं आणि रडूही. कडीवर हात ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, "बंद."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "बंद."