कानाच्या पाळीला हात

आमच्या गाण्याच्या क्लासात गुरूंचं, म्हणजे आमच्या बाईंचं, नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची रीत आहे. चाळीस वर्षं मी ती पाळते आहे.

काल दुपारी मेथी निवडता निवडता मोबाइलवर गाणी डाउनलोड करत होते. गाण्याच्या नावापुढचं ते इवलंसं वर्तुळ हळूहळू भरत जातं, ते बघत बसायला मला आवडतं. ख्यालाच्या खालीच अ‍ॅपने कुठल्याशा वाळवंटातल्या बाईचं गाणं सुचवलं होतं. भाषा कळेना, ताल ओळखीचा नाही. पण तिने वरचा सूर असा काही लावला, की जुडी मांडीवरच राहिली आणि हात आपसूक कानाच्या पाळीकडे गेला.

नेमक्या तेव्हाच क्लासातल्या सुमनताई दारात. "अगं, हे कसलं ऐकतेस? आणि त्याला कान धरतेस? बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

बाईंनी मला सूर ओळखायला शिकवलं. तो कुणाच्या घरचा, हे विचारायला नाही शिकवलं. भलतंसलतं ऐकून कान बिघडतात म्हणे! इतक्या वर्षांच्या रियाजाचे कान एका गाण्याने बिघडणार असतील, तर ते तयार झालेच नव्हते. मी रॉक ऐकेन, कोळीगीतं ऐकेन, परक्या देशांतले ढोल ऐकेन.

त्या वाळवंटातल्या गायिकेचं नाव मला धड उच्चारताही येत नव्हतं. सुमनताईंच्या देखत मी ते अडखळत, मोठ्यांदा वाचलं. आणि या वेळी मुद्दाम कानाची पाळी धरली.