मी नारळावर हात ठेवला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय. पण रडवेलं तोंड करून नाही सांगणार.

रत्नागिरीत मी इंजिनियरिंग शिकवते. उंडीच्या बियांच्या तेलापासून डिझेलसारखं इंधन करायचं, गाड्यांचा काळा धूर कमी करायचा — हे माझं संशोधन. त्यात काही खोट नाही. आजही कुणी नाक मुरडलं तर मी भांडते.

चाचणीसाठी बुरोंडीच्या एका मालकाने मासळीचा टेम्पो दिला. चालवायला त्याचा ड्रायव्हर, दादू. निघण्याआधी गावाने देवळापुढे गाऱ्हाणं घातलं — टेम्पोचा धूर कमी होऊ दे रे महाराजा. सगळ्यांबरोबर मीही 'व्हय महाराजा' म्हटलं. का नाही म्हणायचं?

हातखंब्यापर्यंत टेम्पो कसाबसा आला आणि चढाला बंद पडला. मासळी नासली, इंजिनाचा इंधन-पंप गेला, मालक भडकला. कारण मला तिथेच कळलं. हे इंधन पाण्याने धुतल्यावर तापवून सुकवावं लागतं. गाऱ्हाण्याचा दिवस ठरलेला — म्हणून मी ते ओलंच भरलं होतं. मग मी काय म्हणाले? दादूने रॉकेल मिसळलं असणार.

हो. मीच म्हणाले.

गावात बैठक बसली. दादूने देवापुढच्या नारळावर हात ठेवला. "थेंबभर रॉकेल घातलं आसल तर माजे डोले जातील." मग सगळे माझ्याकडे वळले. मी ताठ मानेने सांगितलं — मी विज्ञान शिकवते, असल्या शपथा मानत नाही. केवढा मान मिळाला मला. शिकलेली बाई, तत्त्वाची बाई.

तत्त्व कसलं डोंबलाचं? मी देवाला मानते. घरी रोज दिवा लावते. त्या नारळाला हात लावायची माझी छाती झाली नाही, एवढंच.

दादूला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. आता तो हातखंब्याला एका टपरीवर कपबशा विसळतो. माझं इंधन म्हणाल तर झकास चालतं — कॉलेजची बस त्यावर पळते, धूर खरंच कमी झालाय. बस टपरीवरून जाते तेव्हा तो मान वर करत नाही. आणि सत्कारांत लोक सांगतात, मॅडम अंधश्रद्धेपुढे झुकल्या नाहीत. मी शाल घेते आणि खाली बसते.

तुमची माफी मला नको. कीव तर नकोच.

इंधन ओलं होतं. मला ठाऊक होतं. दादू खरं बोलत होता.