तिसरी पायरी

आप्पा रंगाचा डबा कधीच आधी उघडत नसत. आधी जुन्या रंगावरून उलटा हात फिरवायचे, डोळे मिटून, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग म्हणायचे, "रंग मंग. पहिले आत काय आहे ते पाहू दे."

तुमच्या शेजारीही असा एखादा चेंगट माणूस असेल. आमच्या शेजारचे आप्पा धुळ्याकडचे. इकडे गुजरातेत हजीऱ्याला ठेकेदाराकडे रंगारी होते आणि सुटीच्या दिवशी उधन्याच्या आमच्या चाळीत कामं करायचे.

आमचं दार त्यांनी रंगवलं तेव्हा दोन दिवस नुसतं धुण्यात आणि घासण्यात गेले. स्टोव्हकडची तेलकट बाजू सोड्याच्या पाण्याने तीनदा पुसली. आईने विचारलं, दाराचं लग्न आहे का, इतकं न्हाऊ घालता ते. सुटलेला रंग पत्रीने, म्हणजे मुठीच्या पातळ पात्याने, खरवडला, उरलेल्यावर फक्त पॉलिश पेपर मारला. सगळाच का काढत नाही, असं मी भीत भीत विचारलं.

"जे धरून आहे त्याले काढू नये, पोरी. त्याची फक्त चमक मोडायची."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, आणि तिथे माझा काय उपयोग, हे मलाही कळत नव्हतं.

दिवाळीआधी मालकशेठांनी लोखंडी जिन्यासाठी हिरवा रंग आणून दिला. नळ खाली, आमची खोली वर. आई रोज त्याच जिन्याने पाणी चढवायची. तिसऱ्या पायरीवर रंगाला एक फोड आला होता. आप्पांनी तो खरवडला आणि पत्री मुठीपर्यंत आत गेली; खालचं लोखंड गंजून गेलं होतं.

शेठ म्हणाले, "मारी दो ने रंग, कोण जोवानुं छे?" म्हणजे, फासून टाका रंग, बघणार कोण आहे.

आप्पांनी डबा बाजूला सारला आणि मला हाक मारली. "तू कॉलेजात जाते ना? लिही." मी पुठ्ठ्यावर मराठी, हिंदी, गुजरातीत लिहिलं: पाय ठेवू नका. माझ्या अक्षराचं ते पहिलं काम. पुठ्ठा टांगून ते स्वतःही खालच्या पायरीवर बसले. सगळ्यांना मागच्या अरुंद जिन्याने जावं लागलं. बायका वैतागल्या, आईसुद्धा. बोर्ड आहे ना, मग तुम्ही कशाला बसलात, असं तिने विचारलं.

"बोर्ड वाचणाऱ्यासाठी," आप्पा म्हणाले. "न वाचणाऱ्यासाठी मी."

आईला वाचता येत नव्हतं. ती कळशी उचलून मागच्या जिन्याकडे वळली.

दोन दिवस ते हजीऱ्याला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी वेल्डर आला. त्याने हातोडा टेकवला आणि पायरीचे दोन तुकडे खाली पडले. आई कळशी घेऊन तिथेच उभी होती. त्या संध्याकाळी तिने आप्पांकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला, माझ्याच हाती.

पुढच्या वर्षी गुडघे धरले म्हणून आप्पा गावी गेले. नंतर त्यांची काही खबर आली नाही. त्यांनी बसवून घेतलेली पायरी जाड पत्र्याची होती, बाकीच्यांपेक्षा वेगळी वाजायची. मी गॅलरीत अभ्यासाला बसले की खालून आईची पावलं यायची. एक, दोन, मग तो भरीव आवाज. मग मला पुस्तकातून डोकं वर काढावं लागत नसे.